डॉ. होमी भाभा : आधी काळजी, मग काम

मुलांनो, डॉ. होमी भाभा यांचे नाव तुम्ही नक्कीच ऐकले असेल. भारतातील अणुशक्तीच्या कामाचा पाया त्यांनी घातला. मुंबईत ट्रॉम्बे येथे त्यांच्या नावाचे मोठे संशोधन केंद्र आहे. तुम्ही कल्याण, डोंबिवली, मुंब्रा किंवा ठाणे येथे राहत असाल, तर हे केंद्र तुमच्यापासून फार दूर नाही. लोकल गाडीत बसायचे, कुर्ल्याला गाडी बदलायची आणि मानखुर्दला उतरायचे. तेथून थोड्याच अंतरावर, डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये हे केंद्र पसरलेले आहे.

भाभा मोठे शास्त्रज्ञ होते आणि त्यांनी देशात अणुभट्ट्या उभारल्या, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांच्या कामाची आणखी एक बाजू आहे. ती फारशी सांगितली जात नाही. घातक किरणांजवळ काम करणाऱ्या माणसाला इजा होऊ नये, यासाठी त्यांनी आपल्या संस्थेत कडक शिस्त घालून दिली. त्या शिस्तीचा तुमच्याशीही संबंध आहे. कसा, ते पुढे कळेल. आधी आपण त्यांची ओळख करून घेऊ.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील बॅरिस्टर होते. घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता. होमीला वाचनाची गोडी लहानपणीच लागली. चित्रकला आणि संगीत यांचीही त्याला फार आवड होती. ही आवड त्याने जन्मभर जपली. मुंबईतील कॅथीड्रल शाळेत त्याचे शिक्षण झाले. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये तो शिकला.

१९२७ साली होमी इंग्लंडमधील केंब्रिज येथे गेला. मुलाने इंजिनियर व्हावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमीचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमले होते. तसे त्याने वडिलांना पत्र लिहून कळवले. वडिलांनी एक अट घातली. इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालास, तर पुढे हवे ते शिकण्याची परवानगी देईन, असे त्यांनी सांगितले. होमीने १९३० साली ती परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली. वडिलांनी आपला शब्द पाळला. अशा रीतीने इंजिनियर होता होता होमी शास्त्रज्ञ झाला. पुढे या दोन्ही विद्या त्याच्या उपयोगी पडल्या.

केंब्रिजमध्ये त्या वेळी अणूविषयी रोज नवे शोध लागत होते. होमी भाभांनी विश्वकिरणांचा अभ्यास सुरू केला. विश्वकिरण म्हणजे काय? आकाशातून, फार दूरच्या अवकाशातून, अतिशय सूक्ष्म कण प्रचंड वेगाने पृथ्वीकडे येत असतात. ते दिसत नाहीत, त्यांचा आवाज होत नाही आणि ते अंगावर पडले तरी आपल्याला कळत नाही. हे कण हवेत शिरले की त्यांच्यापासून नव्या कणांचा जणू पाऊस पडतो. हा पाऊस कसा तयार होतो, याचे गणित भाभा आणि हाइटलर या दोघांनी मिळून १९३७ साली मांडले. या कामामुळे भाभांचे नाव जगभर झाले.

येथे थोडे थांबा आणि एक गोष्ट नीट समजून घ्या. जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांचा अभ्यास करायचा तर यंत्राची मदत घ्यावी लागते. यंत्र सांगेल तेवढेच खरे. आपल्याला काही जाणवत नाही, म्हणून किरण नाहीतच, असे म्हणून चालत नाही. विश्वकिरणांचा अभ्यास करणाऱ्याचे हे पहिले तत्त्व असते. किरणांजवळ काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराचेही पहिले तत्त्व हेच आहे.

हे तत्त्व जगाला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले होते. १८९५ साली राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरणांचा शोध लावला. त्यांनाच आपण एक्स-रे म्हणतो. शरीरातील हाडे बाहेरून दिसू लागली, तेव्हा लोकांना फार नवल वाटले. अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरन्स डॅली नावाचे सहायक होते. क्ष-किरणांची नळी नीट चालते की नाही, हे पाहण्यासाठी ते आपलाच हात तिच्यासमोर धरत. हळूहळू त्यांच्या हातांवर जखमा झाल्या. जखमा बऱ्या होईनात. डॉक्टरांना त्यांचे हात कापावे लागले. तरीही ते वाचले नाहीत. १९०४ साली त्यांचा मृत्यू झाला.

मेरी क्युरी यांचे नाव तुम्हांला माहीत असेल. त्यांनी आपल्या पतीबरोबर रेडियमचा शोध लावला. एका गळक्या, थंड छपराखाली त्या वर्षानुवर्षे काम करत होत्या. रेडियम असलेल्या नळ्या त्या कधी खिशात ठेवत, कधी टेबलाच्या खणात ठेवत. त्या काळी धोक्याची पुरेशी कल्पना कोणालाच नव्हती. ४ जुलै १९३४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या शरीराची नवे रक्त तयार करण्याची शक्तीच नष्ट झाली होती. त्यांच्या वह्या आजही शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात.

अमेरिकेतील काही कारखान्यांत घड्याळांच्या तबकडीवर रेडियमचा रंग लावण्याचे काम चाले. असे आकडे अंधारात चमकत. हे काम तरुण मुली करत. कुंचल्याचे टोक बारीक व्हावे म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवले जाई. दिवसातून कितीतरी वेळा त्या असे करत. पुढे त्यांचे दात पडू लागले आणि जबडे कुजू लागले. कित्येक मुली मरण पावल्या. कारखान्याचे मालक मात्र रंगाने काही होत नाही, असेच सांगत राहिले. शेवटी काही मुलींनी १९२७ साली न्यायालयात दाद मागितली. पुढच्या वर्षी त्यांना भरपाई मिळाली, पण गेलेले आरोग्य परत आले नाही.

मुलांनो, या तिन्ही घटनांत माणसे काम करता करता आजारी पडली. पहिल्या दोन घटनांत धोका माहीत नव्हता. तिसऱ्या घटनेत धोका दिसू लागला, तरी कामगारांना तो सांगितला गेला नाही. अणुशक्तीचे काम भारतात सुरू करायचे होते, तेव्हा जगाचा हा सगळा अनुभव समोर होता.

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी भारतात आले. त्याच वेळी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांचे परत जाणे राहून गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते काम करू लागले. सर सी. व्ही. रामन त्या वेळी तेथेच होते. १९४१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, भाभा इंग्लंडच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हळूहळू त्यांच्या मनाने ठरवले, की आता आपल्याच देशात राहायचे. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटांच्या विश्वस्त संस्थेला पत्र लिहिले. देशात चांगली संशोधन संस्था असावी, म्हणजे पुढे अणुशक्तीचे काम सुरू होईल तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्यातून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली.

१९४८ साली भारत सरकारने अणुऊर्जा आयोग नेमला. भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. केरळच्या समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज सापडते. त्यात थोरियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो. किरणोत्सर्गी पदार्थ म्हणजे ज्यातून आपोआप घातक किरण बाहेर पडतात असा पदार्थ. हे खनिज वेगळे करण्याचा कारखाना १९५२ साली केरळात अल्वाये येथे सुरू झाला. १९५४ साली ट्रॉम्बे येथे अणुशक्ती संस्थेची स्थापना झाली.

ट्रॉम्बेला पहिली मोठी कामगिरी लवकरच पार पडली. भारतीय इंजिनियरांनी तेथे एक अणुभट्टी बांधली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती सुरू झाली. तिचे नाव अप्सरा. भट्टी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर ज्वाळा आणि धूर येईल. अप्सरा तशी नव्हती. पाण्याने भरलेला एक खोल हौद आणि त्यात खाली ठेवलेले युरेनियमचे इंधन, असे तिचे रूप होते. भट्टी चालू असताना हौदाच्या तळाशी सुंदर निळा प्रकाश दिसे. पाणी कशासाठी होते? एक तर इंधन थंड ठेवण्यासाठी. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. इंधनातून निघणारे घातक किरण पाणी अडवत असे. म्हणूनच हौदाच्या काठावर उभे राहून माणसे खालचा निळा प्रकाश पाहू शकत. पाण्याचा थर हीच तेथे संरक्षक भिंत होती.

किरणांपासून बचाव करण्याचे तीन साधे उपाय आहेत. ते लक्षात ठेवा. वेळ, अंतर आणि आडोसा.

पहिला उपाय वेळेचा. किरणांजवळ जितका वेळ कमी, तितकी इजा कमी. म्हणून कामाची तयारी बाहेर करायची, काम कसे करायचे ते आधी ठरवायचे आणि मगच आत जायचे. आत जाऊन विचार करत बसायचे नाही.

दुसरा उपाय अंतराचा. शेगडीपासून दूर सरकले की आच कमी लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. किरणांचेही तसेच आहे. एका मीटरऐवजी दोन मीटर दूर उभे राहिले, तर किरण निम्मे होत नाहीत, चौथा हिस्सा होतात. तीन मीटर दूर गेले, तर नववा हिस्सा होतात. म्हणून किरणोत्सर्गी वस्तू हाताने उचलायची नाही, लांब चिमट्याने उचलायची.

तिसरा उपाय आडोशाचा. किरणांचे निरनिराळे प्रकार आहेत. अल्फा किरण कागदानेही अडतात. बीटा किरणांना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा पुरतो. गॅमा किरण आणि क्ष-किरण यांच्यासाठी मात्र शिसे, जाड काँक्रीट किंवा खोल पाणी लागते. पण एक ध्यानात ठेवा. कागदाने अडणारे अल्फा किरण सोडणारी धूळ श्वासावाटे पोटात किंवा फुप्फुसात गेली, तर ती आत राहून फार नुकसान करते. म्हणून अशा ठिकाणी खाणे, पिणे आणि धूम्रपान करणे यांना सक्त मनाई असते. घड्याळाच्या कारखान्यातील मुलींचा घात नेमका असाच झाला होता.

हे उपाय सांगणे सोपे आहे. रोज पाळणे अवघड आहे. माणूस घाईत असतो, कंटाळतो, आपल्याला काही होणार नाही असे त्याला वाटते. म्हणून भाभांनी काळजी घेणे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले नाही. ट्रॉम्बेमध्ये त्यांनी त्यासाठी स्वतंत्र विभाग उभा केला. डॉ. ए. के. गांगुली यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. या विभागातील माणसे कामाच्या जागी यंत्रे घेऊन फिरत. कोणत्या खोलीत किती किरण आहेत, ते मोजत. हवा तपासत, पाणी तपासत. केंद्राबाहेरच्या समुद्राचे पाणी आणि मासे यांचीही तपासणी होई. शेजारच्या कोळ्याने पकडलेला मासा खाणाऱ्यालाही त्रास होता कामा नये, हा त्यामागचा विचार होता.

कामगाराच्या छातीवर एक लहानसा बिल्ला लावला जाई. त्यात फोटोच्या फिल्मचा तुकडा असे. किरण पडले की फिल्म काळी होई. ती किती काळी झाली, हे पाहून त्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले, ते काढता येई. प्रत्येकाच्या नावाने नोंद ठेवली जाई. कोणाची नोंद वाढलेली दिसली, तर त्याला त्या कामावरून काही काळ दूर ठेवता येई. पुढे १९७० नंतरच्या काळात फिल्मच्या जागी वेगळा बिल्ला आला. त्यातील लहान चकत्या किरणांची शक्ती साठवून ठेवतात. त्या तापवल्या की त्यांतून प्रकाश निघतो आणि तो मोजता येतो.

मुलांनो, या बिल्ल्याविषयी पुष्कळांचा एक गैरसमज असतो. बिल्ला लावला की किरण लागत नाहीत, असे त्यांना वाटते. तसे मुळीच नाही. बिल्ला ढाल नाही. तो हिशेब ठेवणारा मुनीम आहे. तो खरा हिशेब ठेवील, पण आपण त्याला बरोबर नेले तरच. कोणी बिल्ला घरी खुंटीला टांगून ठेवतो, कोणी तो मशीनच्या खोलीतच विसरून येतो, कोणी तो मित्राला वापरायला देतो. अशाने हिशेब चुकतो आणि धोका वेळेवर कळत नाही.

१९६० साल उजाडले. ट्रॉम्बेमध्ये कॅनडाच्या मदतीने सायरस नावाची दुसरी, फार मोठी अणुभट्टी तयार होत आली होती. तीन वर्षांपूर्वीच, १९५७ मध्ये, इंग्लंडमधील विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागली होती. आसपासच्या गावांतील गाईंचे दूध ओतून द्यावे लागले होते. अशा वेळी भाभांनी २७ फेब्रुवारी १९६० रोजी आपल्या संस्थेसाठी एक लेखी हुकूम काढला. तो लांबलचक नव्हता. किरणोत्सर्गी पदार्थ अशा रीतीने हाताळावेत, की संस्थेतील कामगारांना किंवा बाहेरच्या कोणालाही अपाय होणार नाही, असे त्यात सांगितले होते. त्यापुढे आणखी एक गोष्ट होती. हे काम आपण इतके आदर्श रीतीने करावे, की देशातील इतर संस्थांनाही तसेच करा असे सांगता यावे.

या हुकुमाचा दुसरा भाग नीट पाहा. दुसऱ्यांना नियम सांगण्याआधी ते आपल्या घरात पाळून दाखवायचे, असा त्याचा अर्थ होतो. भाभा त्या संस्थेचे सर्वांत मोठे अधिकारी होते. काम लवकर संपवण्याची घाई त्यांनाही होती. तरीही सुरक्षिततेचा हुकूम सायरस सुरू होण्याच्या आधी निघाला. सायरस त्याच वर्षी जुलै महिन्यात सुरू झाली. अपघात झाल्यावर नियम करणारे पुष्कळ असतात. आधी नियम करणारे थोडे असतात.

१९६२ साली देशात अणुऊर्जेचा नवा कायदा झाला. त्यात कामगारांच्या आणि लोकांच्या सुरक्षिततेसाठी वेगळी तरतूद होती. त्यानंतर भाभांनी तारापूर येथे देशातले पहिले अणुवीज केंद्र उभारण्याचे काम हाती घेतले. तारापूर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तारापूरची वीज १९६९ साली मिळू लागली, पण ती पाहायला भाभा राहिले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी ते व्हिएन्ना येथे एका बैठकीसाठी विमानाने निघाले होते. युरोपातील माँ ब्लाँ या बर्फाच्छादित पर्वतावर विमान आदळले. विमानातील एकही जण वाचला नाही. भाभांचे वय त्या वेळी ५६ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ट्रॉम्बेच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

भाभांच्या काळात अणुशक्तीचे काम करणारे आणि सुरक्षितता तपासणारे एकाच छपराखाली होते. काम वाढले, तशी वेगळ्या तपासनीसाची गरज भासू लागली. म्हणून १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. कामगाराच्या अंगावर किती किरण पडलेले चालतील, याची मर्यादा हे मंडळ ठरवते. किरणांची मात्रा मिलिसिव्हर्ट या मापाने मोजतात. कामगारासाठी पाच वर्षांची सरासरी काढली, तर ती वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त असता कामा नये. कोणत्याही एका वर्षात ती ३० च्या वर जाता कामा नये. सामान्य माणसासाठी ही मर्यादा वर्षाला फक्त १ मिलिसिव्हर्ट आहे. माती, हवा आणि आकाश यांतून सर्वांनाच मिळणारे नैसर्गिक किरण यात धरलेले नाहीत. १८ वर्षांखालील मुलांना अशा कामावर नेमू नये, असेही २००४ च्या नियमांत म्हटले आहे.

आता तुम्ही विचाराल, की या सगळ्याचा आमच्याशी काय संबंध? आमच्या घराशेजारी अणुभट्टी नाही. बरोबर आहे. पण किरण अणुभट्टीतच असतात, असे नाही. ठाण्याच्या खाडीपलीकडे वाशी येथे किरणोत्सर्गी पदार्थ तयार करून देशभर पुरवणारी सरकारी संस्था आहे. हे पदार्थ कर्करोगाच्या उपचारासाठी लागतात. कारखान्यांनाही लागतात. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथे लहानमोठे किती दवाखाने आहेत, ते आठवा. त्यांतील कितीतरी ठिकाणी क्ष-किरण यंत्र आहे. ते चालवणारा भाऊ किंवा ताई दिवसभर तेच काम करत असते. रुग्ण तेथे एकदाच येतो, त्यामुळे त्याला भीती बाळगण्याचे कारण नसते. चालवणाऱ्याने मात्र प्रत्येक वेळी शिशाच्या आडोशामागे उभे राहिले पाहिजे आणि बिल्ला लावला पाहिजे. लहान मूल रडते म्हणून कोणी तरी त्याला धरून उभे राहते. अशा वेळी शिशाचा ॲप्रन घालावा. गरोदर स्त्रीने त्या खोलीत थांबू नये. यंत्र बंद केले की क्ष-किरण थांबतात, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट आहे.

कारखान्यांत वापरले जाणारे किरणोत्सर्गी पदार्थ मात्र कधीच बंद होत नाहीत. पोलादी पाइप किंवा बॉयलर यांच्या वेल्डिंगमध्ये आतून फट राहिली आहे का, हे पाहण्यासाठी इरिडियम नावाचा पदार्थ वापरतात. तो बोराच्या बीएवढा लहान असतो आणि जड पेटीत बंद असतो. काम करताना तो एका लांब तारेने बाहेर ढकलतात आणि काम होताच परत पेटीत ओढून घेतात. बहुधा हे काम इतर कामगार घरी गेल्यावर करतात. भोवती दोरी बांधतात आणि पाटी लावतात. तो तुकडा खरोखर पेटीत परत आला की नाही, हे प्रत्येक वेळी यंत्राने मोजून पाहावे लागते. मोजण्याचा कंटाळा केला आणि तुकडा बाहेरच राहिला, तर आसपासच्या माणसांवर संकट ओढवते.

२०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागात असेच संकट आले होते. एका विद्यापीठाने प्रयोगशाळेतील जुने यंत्र लिलावात विकले. त्यात कोबाल्ट नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ शिल्लक होता. भंगाराच्या दुकानात यंत्र फोडले गेले. त्यावरचे शिशाचे कवच निघाले. काही दिवसांत तेथील माणसांना उलट्या होऊ लागल्या, अंग काळे पडू लागले, केस गळू लागले. एकाचा मृत्यू झाला. विकणाऱ्याने नोंद पाहिली नव्हती. फोडणाऱ्याला आत काय आहे, हे कोणी सांगितले नव्हते. भिवंडी, मुंब्रा आणि कल्याण भागात भंगाराचा धंदा करणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. तुमच्यापैकी काहींच्या घरीही असेल. म्हणून ही हकीकत येथे मुद्दाम सांगितली आहे.

एक खूण मनात पक्की करून ठेवा. पिवळ्या पाटीवर मध्ये एक गोल ठिपका आणि त्याभोवती पंख्याच्या पात्यांसारखी तीन पाती. ही किरणांच्या धोक्याची खूण आहे. ती जगभर सारखीच असते. ती वाचायला मराठी, उर्दू किंवा इंग्रजी यावे लागत नाही. ही खूण असलेली पेटी, यंत्र किंवा जड धातूचा डबा कोठे दिसला, तर त्याला हात लावू नका. तो उघडू नका, तोडू नका, घरी आणू नका. लांब उभे राहा, इतरांनाही लांब ठेवा आणि मोठ्या माणसांकरवी लगेच पोलिसांना कळवा. रस्त्यात सापडलेला चकचकीत धातूचा लहान तुकडाही उचलून खिशात टाकू नका.

उद्या तुमच्यापैकी कोणी दवाखान्यात तंत्रज्ञ होईल, कोणी कारखान्यात वेल्डर होईल, कोणी वडिलांचे भंगाराचे दुकान सांभाळील. कामाच्या जागी धोका असेल, तर तो काय आहे, हे विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. बिल्ला मागण्याचा हक्क आहे. आपली नोंद पाहण्याचाही हक्क आहे. आणि कोणी तुमच्या हाताखाली काम करत असेल, तर त्याला हे सर्व न मागता देणे हे तुमचे कर्तव्य आहे.

भाभांनी तो हुकूम लिहिला, त्याला आता साठाहून अधिक वर्षे झाली. तो लिहिणारा माणूस राहिला नाही. त्याने बांधलेली सायरस बंद झाली. जुनी अप्सराही थांबली आणि तिच्या जागी नवी आली. हुकूम मात्र जुना झालेला नाही, कारण किरण आजही दिसत नाहीत आणि घाई आजही होते. तो पाळायचा की नाही, हे रोज सकाळी कामावर जाणारा माणूस आणि त्याला कामावर ठेवणारा मालक ठरवत असतात.